दोनशे सतरा भोकं

हा किस्सा मी आपणहून कुणाला सांगितला नसता. पण चहाला कुणी आलं की बायको तो सांगायला घेते, आणि तिच्या सांगण्यात भोकांची संख्या दर वेळी वाढते. म्हटलं, एकदा आपल्याच तोंडून खरा आकडा जाऊ दे. दोनशे सतरा. माझ्या वहीत आहे.

वही म्हणजे रोजनिशी. मी कचेरीतला साधा कारकून, पण कुठल्या कलमाला कधी मोहोर आला इथपासून सगळं लिहून ठेवणारा. म्हणून तर भाईकाकांनी, माझ्या धाकट्या काकांनी, आपली मोटार माझ्यावर सोपवली.

काका जन्मभर बोटीवर. तरुणपणी त्यांनी मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडून ती घेतली होती. दोनच माणसांची, बसक्या टपाची, शर्यतीसाठी केलेली. इंग्लंडातल्या एका लहानशा कारखान्यात अशा मोजक्याच झाल्या म्हणे. हलकी इतकी की चौघांनी धरून बाजूला ठेवावी. कित्येक वर्षं ती आमच्या आंब्याच्या पेट्यांच्या खोपीत पडून होती. आता काका निवृत्त होणार होते. मुंबईला जुन्या मोटारींची मिरवणूक निघते, तीत एकदा ही गाडी स्वतः चालवायची, एवढी एकच इच्छा त्यांनी पत्रात लिहिली होती. खाली एक ओळ : "बाळू, होती तशी कर. पदरचं काही घालू नकोस."

मला वाटलं, झालरी-बिलरी लावू नकोस म्हणतायत.

पुस्तकं मागवून मी शिकलो. इंजिन उतरवलं, एकेका बोल्टला चिठ्ठी बांधली. मग आतला पत्रा खरवडला, तर काय? भोकंच भोकं! दारांच्या आतल्या पट्ट्यांना, सीटखाली, अगदी ब्रेकच्या पेडललासुद्धा.

आता तुम्ही रत्नागिरीचे असाल तर सांगायला नको. इथली खारी हवा काय सोडते? खिडकीचे गज खाते, सायकल खाते, पाण्याची टाकी खाते. पत्र्याला भोक दिसलं की पावसाआधी बुजवायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी मिरकरवाड्याहून इस्माईलचाचांना बोलावलं. लाँचींच्या दुरुस्तीत त्यांचा हात धरणारं बंदरात कुणी नव्हतं.

बायको चहा घेऊन आली आणि वाकून बघायला लागली. "अहो, ही सगळी एकसारखी गोल कशी? गंज काय कंपास घेऊन फिरतो?"

"पत्रा चांगला असला की गंजही नीट चढतो," मी म्हणालो. हे वाक्य ती आजतागायत विसरलेली नाही.

चाचा माझ्या बाजूचे. "वहिनी, भोक गोल असो नाहीतर चौकोनी, पाणी दोन्हीतून येतं."

सहा महिने चाचा चकत्या कापून जोडत होते, मी वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासत होतो आणि वहीत लिहीत होतो : डावं दार, भोक क्रमांक त्रेचाळीस, बिजागरीपासून चार इंच, रुंदी पाऊण इंच, बुजवलं.

गणपती आटोपल्यावर काका आले. लालभडक गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी डोळे पुसले. पाठोपाठ मुंबईचे एक पाहुणे आले, मिरवणुकीत कुठली गाडी घ्यायची ते ठरवणारे. बॅटरी घेऊन ते गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच येईनात.

"यातली भोकं कुठे गेली?" खालूनच आवाज आला.

मला आनंदच झाला. माणूस जाणकार दिसतोय! मी वही पुढे केली. "सगळी बुजवली साहेब. दोनशे सतरा. एक सोडलं नाही."

त्यांनी वही पानापानाने वाचली. मग शांतपणे सांगितलं, की वजन कमी करायला कारखान्यानेच ती भोकं मुद्दाम पाडली होती. या गाडीचं जे काही नाव आहे ते त्या भोकांमुळे. अशी बुजवलेली गाडी त्यांना घेता येणार नव्हती.

काका खोपीच्या दारात एका रिकाम्या पेटीवर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. त्या दिवशी मी वहीत तारीख घातली, पुढे काही लिहवेना.

बायकोनेच वही उचलली. "यात प्रत्येक भोकाचा पत्ता आहे ना? मग पाडा परत."

पाहुणे म्हणाले, पाडलीत तर मी पुन्हा येऊन बघतो. इतका तपशील कारखान्याकडेही नसेल.

मी क्रमांक एकपासून ड्रिल लावलं. चाचा पुटपुटत होते, की उभ्या आयुष्यात भोक पाडायला कुणी बोलावलं नव्हतं. महिन्याभरात दोनशे सतरा पुरी केली. पाहुणे परत आले आणि गाडी पसंत केली. तळाच्या पत्र्याचं भोक पाहून तर म्हणाले, असं मी प्रथमच बघतोय. मी मान डोलावली.

पहिली फेरी मांडवीपर्यंत. शेजारी बसायचा मान काकांनी बायकोला दिला. परतीचा पाऊस होऊन गेला होता, रस्त्यात डबकी होती. गाडी परत आली तेव्हा काका पोरासारखे हसत होते. बायको उतरली. साडी गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलाने माखलेली.

"माझ्या पायाखालच्या भोकाचं वहीत काय लिहिलंय, ते जरा बघा."

बघितलं. क्रमांक एकशे नव्वद : तळ, डावी बाजू, कडा वेड्यावाकड्या. अख्ख्या गाडीत खऱ्या गंजाचं तेवढं एकच होतं, आणि मी तेही मापात, छान गोल पाडून ठेवलं होतं.

बायकोने निऱ्या पिळल्या. "या वेळी मात्र गंज खरंच कंपास घेऊन आला होता."