सातशे बेचाळीस मीटर

आमच्या गाडीच्या पडद्यावर, नकाशाच्या खाली, कोपऱ्यात एक लहान आकडा दिसतो. समुद्रसपाटीपासून गाडी किती मीटर उंचावर आहे, ते तो सांगतो. गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या माणसानं गाणी कशी लावायची, फोन कसा जोडायचा, मागचा कॅमेरा कसा बघायचा, हे सगळं समजावलं. या आकड्याबद्दल तो काही बोलला नाही. माझ्या बायकोनंच विचारलं, "आणि हे काय?"

"ती उंची, मॅडम."

"कुणाची?"

"गाडीची," तो म्हणाला, आणि आपण काहीतरी चुकीचं बोललो की काय अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती हसत होती.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. मी शेवगावच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. गाडी तीच चालवायची. मला चालवता येत होती, पण शेजारी बसून पुस्तक वाचणं मला जास्त जमायचं, आणि तिलाही ते चालायचं. मधूनमधून ती पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायची. सुरुवातीला मी मान न उचलता हं म्हणायचो.

पुस्तक बाजूला ठेवायची वेळ कोकणात आली. समुद्राच्या अगदी काठाला, सुरूच्या झाडांखाली तिनं गाडी उभी केली होती. समोर ओहोटीची ओली वाळू पसरली होती.

"अहो, पुस्तक मिटा. आपण बुडालोय."

आकडा उणे त्रेसष्ट होता.

"गाडीच्या मते आपण त्रेसष्ट मीटर पाण्याखाली आहोत," ती म्हणाली. "श्वास नीट येतोय ना?"

तिथून परतल्यावर तिला चैन पडेना. चूक आहे याचं तिला काही वाटत नव्हतं. ती चूक नेहमी तेवढीच असते की बदलते, हे तिला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी खात्रीची उंची कुठे मिळेल? ते मात्र मला सुचलं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लहानपणापासून आपण ती वाचतो आणि तिचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. आम्हाला आता तिचं काम पडलं.

नगरला काही ना काही निमित्तानं जाणं व्हायचंच. ती स्टेशनच्या आवारात गाडी लावून आकडा बघायची. मग प्लॅटफॉर्म तिकीट काढून आम्ही फलकापर्यंत चालत जायचो. तिकीट तपासनीसानं एकदा विचारलं, "कुणाला सोडायला आलात?"

"कुणाला नाही. बोर्ड वाचायला आलोय," ती म्हणाली.

त्यानं तिकिटं उलटसुलट बघून परत दिली. परतताना फलाट जमिनीहून किती वर आहे, तेही ती वजा करायची. "तेवढं काय त्यात?" असं मी म्हटलं की म्हणायची, "मुलांनाही असंच वाटतं. तेवढं काय त्यात, म्हणून मार्क जातात."

नगरला, राहुरीला, जिथं म्हणून पाहिलं तिथं गाडी साठ-पासष्ट मीटर कमीच दाखवायची. मग मी माझ्या सवयीप्रमाणे वाचायला घेतलं. मला जे समजलं ते असं. उपग्रहाच्या हिशेबात पृथ्वी म्हणजे एक गुळगुळीत, किंचित चपटा चेंडू असतो, आणि उंची त्या चेंडूच्या पृष्ठभागापासून मोजली जाते. खरा समुद्र तसा गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटातलं द्रव्य कुठे जड आहे, कुठे हलकं, त्याप्रमाणे गुरुत्वाकर्षण बदलतं, आणि त्याप्रमाणे समुद्राचं पाणी कुठे फुगतं, कुठे खोलगट होतं. आपल्या देशाच्या अंगाला ते चांगलंच खोलगट आहे. चांगल्या यंत्रात हा फरक दुरुस्त करून मग आकडा दाखवतात. आमच्या गाडीत तो दुरुस्त करायचा राहिला असावा.

हे सगळं मी तिला स्वयंपाकघरात उभा राहून सांगितलं. ती भाकरी थापत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गाडी खोटं नाही बोलत. तिचा समुद्र वेगळा आहे."

याशिवाय आणखी एक लहान चूक होती. गाडी एका जागी उभी असली तरी आकडा हलायचा. अंगणात लिंबाखाली गाडी सुरू ठेवून ती बघत बसायची. दहा-बारा मीटर वर, दहा-बारा मीटर खाली. झाडाच्या फांद्या, आजूबाजूच्या भिंती, आकाशात त्या वेळी कुठे असतील ते उपग्रह, या सगळ्यांमुळे तसं होतं, असं मी वाचलं होतं. ती आत हाक मारायची, "या लवकर, घर वर चाललंय!"

तिचं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खोबणीतलं एक लहान गाव. ऐन पावसाळ्यात आम्ही तिकडे निघालो होतो. राजूर सोडून घाट चढायला लागलो आणि धुकं उतरलं. त्या भागातलं धुकं ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. गाडीचं नाकसुद्धा दिसेना. तिनं अंदाजानं गाडी कडेला घेतली, चारी इंडिकेटर लावले आणि हात मांडीवर ठेवून बसली. काचेबाहेर सगळं पांढरं होतं. दिसत होता तो फक्त पडद्यावरचा आकडा.

"सातशे बेचाळीस," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "इथून आमचं गाव दिसत असणार."

"कसं दिसेल? मधे डोंगराची सोंड आहे."

"सोंड खाली राहिली. आपण वर आलोय."

"तेवढे वर नाही आलो."

"अहो, माहेर माझं की तुमचं?"

वाद मिटण्यासारखा नव्हता, कारण बघायला काहीच नव्हतं. धुकं जरा पातळ झालं तशी तिनं गाडी काढली. काढताना म्हणाली, "सातशे बेचाळीस. लक्षात ठेवा हो. उघाड पडली की इथं येऊन बघायचं. तुम्ही हरणार."

त्याच हिवाळ्यात ती गेली. आजार थोड्या दिवसांचा होता. त्याविषयी इथं लिहावंसं वाटत नाही.

गाडी अंगणात उभी राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून सुरू करायचो आणि नेहमीच्या सवयीनं डाव्या बाजूला बसायचो. चावी फिरवण्यापुरता वाकून पुन्हा आपल्या जागी. आकडा उमटायचा, हलायचा. घर वर जायचं, खाली यायचं. भेटायला येणाऱ्यांशी मी नीट बोलत होतो, जेवत होतो, वाचतही होतो. पण मनात एकच गोष्ट अडकून पडली होती: त्या जागेवरून तिचं गाव दिसतं की नाही? ती बरोबर होती की मी? दुसऱ्या कुणाला हे सांगावं तर ते माझी समजूत घालायला लागतील, अशी भीती वाटायची. आणि मला तर नुसतं उत्तर पाहिजे होतं.

वर्ष झालं. तिच्या माहेरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. त्यासाठी मी स्वतः गाडी चालवत निघालो, नेवासा, संगमनेर, अकोले करत. राजूरला तिच्या धाकट्या भावाचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. मला गाडीतून एकटं उतरताना पाहून तो दुकानातून बाहेर आला.

"दाजी, तुमी चालवत आला? येवढ्या लांबून?"

"आलो हळूहळू."

"हळूहळू म्हंजे? सकाळी फोन केला तवा निघालोय म्हनला हुता, अन् आता दिवस कलला. मागं किती गाड्या तुंबल्या असतील!"

कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक जेवले, परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. मी मेहुण्याला धुक्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, तो हसेल. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"आक्का म्हनली दिसतं?"

"हो."

"मंग दिसत आसंल. चला."

निघताना त्यानं बायकोला सांगितलं, "मी फोन केला की छपरावर जा अन् ती पिवळी साडी हालव. लांबून कळाया पायजे." ती आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली, पण साडी काढून आणली.

आम्ही राजूरच्या बाजूनं खाली उतरलो आणि घाट पुन्हा पायथ्यापासून चढायला लागलो. मी चालवत होतो. मेहुणा माझ्या जागेवर बसून एसटीच्या कंडक्टरसारखा आकडे पुकारत होता. "सहाशे नव्वद. सातशे पाच. आक्का आशीच वाचायची का?"

"ती वाचायची आणि भांडायची."

सातशे बेचाळीस आलं तसा तो म्हणाला, "थांबा, थांबा, आलं!" मी थांबलो नाही.

"अजून वर जायचंय," मी म्हणालो. "गाडी कमी दाखवते. त्रेसष्ट मिळवायचे. खरी उंची आठशे पाच होते."

"आसं हाय व्हय," तो म्हणाला, आणि पुढचे आकडे गुमान वाचू लागला.

आठशे पाचला गाडी कडेला घेतली. खाली उतरलो आणि पुढचं सगळं खोरं समोर आलं. भाताच्या कापलेल्या खाचरांचे पिवळट तुकडे, ओढा, शाळेची पत्र्याची इमारत, पाण्याची टाकी. मेहुण्यानं फोन लावला. थोड्या वेळानं टाकीच्या शेजारच्या छपरावर एक पिवळा ठिपका हलायला लागला.

"आक्का जिकली!" तो ओरडला. "दाजी, हरला तुमी! पार हरला!"

मीही हसलो. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला म्हणून मी गाडीकडे वळलो. पडद्यावर आठशे पाच होतं. ते बघत असताना मला काहीतरी टोचलं. त्या दिवशी तिनं सातशे बेचाळीस वाचलं, ते कुठून? याच पडद्यावरून. हीच गाडी, हाच तिचा चुकीचा समुद्र. मग मी मिळवलं कशाला? स्टेशनच्या फलकाशी ताडून बघायचं असतं तर दुरुस्ती लागली असती. इथं तर गाडीच्या चुकीच्या आकड्याची जागा गाडीच्याच चुकीच्या आकड्यानं शोधायची होती. वर्षभर मी आठशे पाच हा आकडा मनात घोकला होता, आणि तो उगाच तयार केलेला होता.

मेहुण्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"पन दिसलं ना? मंग आता काय बिघडलं?"

"ती काय करायची, ठाऊक आहे ना? उत्तर बरोबर आलं पण रीत चुकली, तर पोरांना मार्क द्यायची नाही."

"ते खरं," तो म्हणाला. "मला पन न्हाई दिले कदी." आणि गाडीत जाऊन बसला.

वळणं उतरून सातशे बेचाळीसला आलो. रस्त्याच्या कडेला गाडी मावेल एवढी जागा होती. उतरून पाहिलं. समोर डोंगराची सोंड आडवी पसरली होती. गवत वाळून गेलेलं, वर दोन सागाची झाडं. गाव नव्हतं, टाकी नव्हती, काही नव्हतं. मी सांगितलं होतं तसंच.

आम्ही दोघं तिथं उभे होतो. मी बरोबर ठरलो होतो आणि ते सांगायला जिच्याकडे वळावं ती शेजारी नव्हती. मेहुण्याच्या खिशातला फोन वाजला. त्याची बायको विचारत होती, "आवो, किती येळ हालवू? हात दुखाया लागले. शेजारची म्हनती, हिला काय झालं."

"थोडं हालव आजून," तो म्हणाला. त्यानं फोन खिशात टाकला.

मी गाडीत येऊन बसलो. आकडा सातशे चव्वेचाळीस झाला होता. मग सातशे एकोणचाळीस. मग शेहेचाळीस. गाडी उभी होती आणि आकडा चालत होता, अंगणातल्या लिंबाखाली चालायचा तसाच. तेव्हा मला लिंबाखालची ती दुसरी, लहान चूक आठवली. आज हा आकडा एका जागी उभं राहून एवढा हलतो. त्या दिवशीही तो हललाच असणार, आणि तो पुढं-मागं होताना मधल्या कुठल्या तरी क्षणी तिनं तो वाचला असणार. म्हणजे सातशे बेचाळीस हा एक ठिपका नव्हता. तो रस्त्याचा एक तुकडा होता.

"गाडीत बस," मी मेहुण्याला म्हणालो. "सोंडेच्या वरून पिवळं दिसलं की सांग."

चालण्याच्या वेगानं गाडी वर काढली. एक वळण गेलं. त्यानं काच खाली केली होती आणि अर्धा बाहेर वाकला होता. "न्हाई. न्हाई. थांबा! दिसलं!"

इथंही कडेला थांबण्यापुरती जागा होती. सोंडेच्या काठावर टाकीचा माथा आणि त्याच्या शेजारी तो पिवळा ठिपका, एवढंच दिसत होतं. पडद्यावर सातशे एक्कावन्न होतं. आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. एक्कावन्नचे अठ्ठेचाळीस झाले. पुन्हा पन्नास. मग शेहेचाळीस, चव्वेचाळीस.

"ये, ये खाली," मेहुणा पडद्याला म्हणाला.

सातशे त्रेचाळीस झालं. तिथं ते थोडा वेळ थांबलं आणि पुन्हा वर जायला लागलं.

"दाजी," तो म्हणाला, "येक मीटर सोडा की आक्काला."

तिनं सोडला असता का, याचा मी विचार करत होतो. फलाटाची उंचीसुद्धा वजा करणारी बाई ती. पण इथं तिला वजा करायला काही हाताशी नव्हतं, आणि मलाही नव्हतं. धुक्यात तिनं नेमकी कुठे गाडी उभी केली होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. गाडीच्या चुकीत दोन्ही जागा मावत होत्या, माझी खालची आणि तिची वरची.

"सोडला," मी म्हणालो.

तो हसला आणि त्यानं खिशातून फोन काढला. "थांब म्हनू का तिला? हात मोडंल तिचा."

सोंडेच्या वर तो पिवळा ठिपका एकसारखा हलत होता.

"जरा वेळ राहू दे म्हणावं," मी म्हणालो.