हार घातलेला पाळणा

प्रिय अनया आणि कबीर,

रविवारी फोनवर तुमची दोघांची एकच तक्रार होती. शाळेची सहल रोलर कोस्टरच्या बागेत जाणार आहे आणि आईने अर्जावर सही केलेली नाही. "आजी, ती कारणसुद्धा सांगत नाही," असं अनया म्हणाली. तुमची आई, माझी वृंदा, ते सांगणार नाही. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि त्या दिवसाबद्दल ती माझ्याशीही कधी बोललेली नव्हती. म्हणून मी लिहिते आहे. पण त्या दिवसाआधी तुम्हाला तावडे माहीत व्हायला हवेत.

करी रोडला तावडे आमच्या खालच्या मजल्यावर राहत. मालवणकडचे, गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली तेव्हा केस नुकते पांढरे होऊ लागले होते. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाशी. त्यांच्या हातात हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता. गिरणीत त्याला डिसमिस म्हणत. त्याचं टोक पंपावर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. मी विचारलं, "काय झालं?"

"गप ऱ्हवा, बाई. पंप बोलता हा."

मग उठून म्हणाले, आठवड्याच्या आत बेअरिंग बदला. कोणी मनावर घेतलं नाही. आठव्या दिवशी पंप जळला.

या माणसाला एकच वेड होतं, उंचावरून गरगरत खाली येण्याचं. जत्रेतला चक्री पाळणा असो की नव्या बागेतला रोलर कोस्टर, कुठे काही उभं राहिलं की तावडे रविवारी तिथे हजर. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. टोपी उडू नये म्हणून वरून रुमाल बांधलेला. कॉलेजची पोरं हसायची. मी एकदा विचारलं, या वयात हे कशाला?

"इतकी वर्सा मशीन माझ्या हातात होता. आता मी मशीनच्या हातात. बरा वाटता."

पण बसण्याआधी डिसमिस खांबाला लागायचाच. ऐकून पटलं तर बसत, नाहीतर परत येत. मी त्यांना एक वही दिली आणि रकाने आखून दिले: ठिकाण, पाळणा, काय ऐकलं, निकाल. माझ्या शिस्तीला ते हसले, पण वही त्यांनी मन लावून भरली. "खाडीजवळची बाग. चढताना तिसऱ्या खांबाशी कण्हतो. पुन्हा नाही." "मैदानातला चक्री पाळणा. पिन तारेने बांधली आहे. पुन्हा नाही." आणि त्याच पाळण्यांपुढे दर रविवारी रांगा लागत.

"लोखंड खोटा बोलणा नाय, बाई," ते म्हणत. "आपणच आयकणव नाय."

वृंदा अकरा वर्षांची होती त्या वर्षी दसऱ्याला ती, तावडे आणि मी असे आम्ही तिघं एका नव्या बागेत गेलो. वृंदाने महिनाभर हट्ट धरला होता. फाटकावरच्या रखवालदाराने पिशवी तपासली आणि डिसमिस काढून घेतला. "काका, ये अंदर नहीं चलेगा. मारामारी करोगे क्या?" तावड्यांनी तो मुकाट्याने दिला. मला वाटलं, आता ते बसणार नाहीत, आणि मला बरंच वाटलं.

पण कोस्टरपाशी पोचल्यावर त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. प्रत्येक डब्याला झेंडू आणि आंब्याच्या पानांचा हार होता. चालवणाऱ्याच्या दांड्याला हळदकुंकू, खाली फोडलेला नारळ.

त्यांच्या गिरणीत दसऱ्याच्या पूजेची रीत कडक होती. आदल्या दिवशी मशीन बंद करून उघडायचं, पुसायचं, प्रत्येक बोल्ट हाताने बघायचा, तेल द्यायचं, मगच हार. न उघडलेल्या मशीनला हार घालण्याची तिथे कोणाची छाती नव्हती.

"बघा बाई, पूजा केल्यानी."

"पण तुम्ही ऐकलं कुठे अजून?"

"हार हा ना! आता काय आयकाचा?"

वृंदा त्यांच्या शेजारी बसली. मी खाली उभी राहिले. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या उतारावर मोठं पातेलं फरशीवरून ओढावं तसा आवाज आला. आणि मी पाहिलं की वृंदाच्या खांद्यांवरून छातीपर्यंत आलेला लोखंडी दांडा हळूहळू वर उचलला जातो आहे. तावड्यांनी डावा हात तिच्यावरून आडवा टाकून पलीकडची कड धरली. मग डबा वळणाआड गेला.

गाडी थांबली तेव्हा वृंदाला ओरखडाही नव्हता. तावड्यांचा हात खांद्यातून लोंबत होता. त्यांनी चालवणाऱ्याला विचारलं, "पूजेआधी उघडललास?"

"क्या खोलना था? फूल तो डेकोरेशनवाला लगाके गया."

तावडे बाकावर बसले. हॉस्पिटलचं नाव काढलं तर ऐकेनात. "माझो डिसमिस आणा." मी धावत जाऊन आणला. उजव्या हाताने त्यांनी तो खांबाला लावला आणि मूठ कानाला. वर दुसरी गाडी माणसं घेऊन निघाली होती.

"सांगत होता," ते म्हणाले. "सकाळपासून सांगत होता."

हात गळ्यात बांधलेला असतानाच ते मॅनेजरकडे गेले. मॅनेजर हसून म्हणाला, "काका, तुमची गिरणी बंद पडली. आमचं चालू आहे, चालू द्या." त्यानंतर आठ दिवस तावडे तिकिटाच्या खिडकीशी उभे राहून येणाऱ्याला सांगत होते, बसू नका. रोज त्यांना बाहेर काढलं जाई. नवव्या दिवशी फाटकावर दुरुस्तीची पाटी लागली. काही महिन्यांनी बाग नव्या नावाने उघडली. नवा रंग, डबे तेच.

वहीत त्या बागेपुढच्या निकालाच्या रकान्यात 'पुन्हा नाही' नाही. तिथे लिहिलं आहे, "हार बघून बसलो. चूक माझी." ती शेवटची नोंद. तावडे पुन्हा कधी कुठल्या पाळण्यात बसले नाहीत, आणि त्यांचा हात खांद्याच्या वर गेला नाही. आमच्या इमारतीच्या जागी टॉवर झाला तेव्हा त्यांनी लिफ्टच्या दाराला डिसमिस लावला, ऐकलं, आणि सहा मजले शेवटपर्यंत जिन्याने चढले. वारण्याच्या थोडे दिवस आधी वही आणि डिसमिस माझ्याकडे दिले. "तुमची पोरा खय खय जातली, बाई. आधी आयकूक होया."

हे पत्र मी आधी वृंदाला वाचायला पाठवलं. मला वाटलं, ती रागावेल. तिने एकच दुरुस्ती कळवली. त्यात मी लिहिलं होतं की वर डब्यात तावडे गप्प होते. ते गप्प नव्हते. "माका धरून रव गो, सोडू नको," असं ते खाली येईपर्यंत म्हणत होते.

अर्जावर सही करायची की नाही ते तीच ठरवील. डिसमिस माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे आणि वही त्याच्याखाली. मूठ एका बाजूने कानाएवढी झिजली आहे.