जोमदार रोपं उपटणारा माणूस

मनोहर सरांच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी पडेगावच्या प्रक्षेत्रावर ठिबकची नळी जोडत होतो. पलीकडचं ऐकून न घेता मीच सुरू झालो, "सर, पाणी दिलंय, सगळं ठीक हाय, तुम्ही झोपा निवांत." वहिनींचा आवाज आला, "पाटील, हे गेले हो..." या गोष्टीला महिना उलटला, तरी स्वतःचं ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

सर मक्याचे पैदासकार, मी त्यांचा प्रक्षेत्र सहायक. हलक्या रानात, दोन पावसांवर येणारा मका त्यांना उभा करायचा होता. साध्या रीतीनं शुद्ध वाण तयार व्हायला सहा-सात हंगाम जातात. सरांच्या दोन्ही किडन्या संपत आल्या होत्या. म्हणून त्यांनी जवळची वाट धरली. खास नराचा पराग वापरला की काही दाण्यांत आईचाच निम्मा वारसा उतरतो. असे दाणे निवडून मोड आणायचे, कोल्चिसिनच्या विषारी द्रावणात बुडवायचे. त्यानं एखाद्या रोपात निम्म्याचं दुप्पट झालं, तर त्याचं बी एका फटक्यात शुद्ध. "पाटील, सात हंगाम माझ्याकडं नाहीत," सर दाणे निवडता निवडता म्हणाले होते, "दोन हंगाम असतील."

त्यातला एक मी खाल्ला.

सर डायलिसिसला गेले होते आणि मी रोपांत उभा. काही रोपं गबरू, बाकीची पिवळट, सुतासारखी. आम्ही अजिंठ्याकडचे शेतकरी. विरळणी आम्हाला कोणी शिकवावी लागत नाही. मरतुकडी तेवढी उपटली, वाफा देखणा केला आणि शाबासकीची वाट बघत बसलो. संध्याकाळी सर आले, हाताला पट्टी तशीच.

"ही पैलवान पोरं कुणाची?"

"आपलीच की सर. रोगट काढून टाकली. जागा कशाला अडवायची?"

सर बांधावर बसले. म्हणाले, "जोमदार ती चुकून निवडलेली, साधी. निम्म्या वारशाची, आपली होती ती मरतुकडी." मी उपटलेली रोपं उकिरड्यावरून गोळा करून पुन्हा लावायला निघालो. "राहू द्या," ते म्हणाले, "मेलेलं लावून येत नसतं, पाटील. मलाच बघा." मी हसलो. हसायचं होतं का, ते आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या हंगामात सरांनी रोपांची राखण पुन्हा माझ्याकडंच दिली. या वेळी मी जोमदार रोपं उपटत होतो आणि प्रत्येक वेळी हात मागं येत होता. सर दवाखान्यातल्या खाटेवर, एक हात यंत्राला देऊन, दुसऱ्यानं पेन्सिलीनं खुणेच्या चिठ्ठ्या लिहीत होते. रोपाचा क्रमांक, खाली परागीकरणाचा महिना. दिवसाची जागा तेवढी कोरी.

महिना त्यांचा बरोबर निघाला. ते गेल्यावर तीन रोपांच्या तुऱ्यांना पराग आला, म्हणजे तिथं निम्म्याचं दुप्पट झालं होतं. एकेक तुरा पिशवीत झाडून त्याच रोपाच्या कणसावर टाकला, चिठ्ठ्या बांधल्या, कोऱ्या जागी माझ्या जाड्याभरड्या अक्षरात आकडा घातला. त्या दिवशी सरांचा दहावा होता. पराग सकाळीच पडतो, म्हणून मी घाटावर गेलो नाही.