शटरकडे कान लावून

"हा सीझन काढू, मग बघू," असं म्हणायचं, खिशातलं लेन्सचं झाकण अंगठ्याने टकटक वाजवत दुकानाची पायरी उतरायची आणि लगेच पुन्हा चढायची. सरावलीत माझ्या पार्लरला लागून ज्यांचा फोटो स्टुडिओ होता, त्या भाऊंना मी कायम असंच पाहिलं. चहासुद्धा ते फेऱ्या मारत पीत आणि कप कुठे ठेवला ते विसरत. बहुतेक वेळा तो माझ्या आरशासमोर सापडे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या शेजारी थोडा वेळ उभं राहिलं, की आपलंच कुठेतरी जायचं राहून गेलंय असं वाटायला लागतं.

मी लग्नात नवरी सजवते. भाऊ लग्नाचे फोटो काढत. त्यामुळे बोईसर, पालघर, केळवे, कुठल्या ना कुठल्या मांडवात आमची गाठ पडेच. लग्नं नसली की कारखान्यात नव्याने लागलेल्या कामगारांचे ओळखपत्राचे फोटो. लांबच्या गावाहून आलेला माणूस स्टुलावर श्वास रोखून ताठ बसला, की भाऊ हिंदीत विचारत, "गाँव में कौन कौन है?" तो सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात फोटो निघालेला असे. ओळखपत्रावरची माणसं एरवी घाबरलेली दिसतात. भाऊंच्या फोटोतली माणसं नुकतीच घरी जाऊन आल्यासारखी दिसत.

त्यांचा कॅमेरा डिजिटल असला तरी जुना, वजनदार होता. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून आतला धातू दिसे. पकडीचं रबर सुटलं, तेव्हा त्यांनी सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्यूशन लावून ते चिकटवलं होतं. मग शटर कुरकुर करू लागलं. मधूनच ते अडके आणि फोटोच्या खालच्या बाजूला काळी पट्टी येई. एका नवरदेवाचे पाय असे कायमचे अंधारात गेले.

मुंबईच्या दुरुस्तीवाल्याने त्यांना स्पष्ट सांगितलं. कंपनीने याचे सुटे भाग बनवणं बंद केलंय. दुसऱ्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातलं शटर काढून बसवता येईल, पण बाकीचं कधी मान टाकेल त्याची हमी नाही. त्यापेक्षा नवाच घ्या.

दोन्ही गोष्टी परवडण्यासारख्या होत्या. बहुधा म्हणूनच निर्णय होत नव्हता.

भाऊ ज्याला त्याला विचारू लागले. वडापाववाल्याला विचारलं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी भटजींना विचारलं. एकदा मी एका नवरीच्या डोळ्यांत काजळ घालत होते, तर तिलाच विचारलं. ती बिचारी डोळे न हलवता म्हणाली, नवा घ्या. मग भाऊंनी तिला नवा का घेऊ नये ते समजावून सांगितलं. दुसऱ्या कुणी जुनाच नीट करा म्हटलं, तर त्याला जुना का टाकून द्यावा ते पटवून देत. एकदा तर दुरुस्तीला म्हणून कॅमेरा घेऊन मुंबईला गेले आणि तसाच परत घेऊन आले. विचारलं तर म्हणाले, "काउंटरवर ठेवला, पन हात सुटंना."

मला आधी हसू येई. मग एका दुपारी खरं कारण कळलं.

केळव्याला त्यांच्या घरची नारळ-सुपारीची वाडी होती. त्यांचे थोरले बंधू ती एकट्याने बघत. आता त्यांच्याने होत नव्हतं आणि ते यांना बोलावत होते. त्या दुपारी भाऊ माझ्या दारात आले आणि झाकण न वाजवता उभे राहिले.

"ताई, नवा घेतला तर अजून धा वर्षं हेच काम. दुरुस्त केला तर दोन-तीन वर्षं, मग वाडी. कॅमेऱ्याचं मला कळतंय. माझं काय करायचं ते कळत नाय."

मी ब्रश धूत राहिले. थोड्या वेळाने ते आपणच निघून गेले.

शेवटी त्यांनी शटर बदलून आणलं. मला वाटलं, चला, आता तरी स्वस्थ होतील. पण झालं उलटंच. बदललेल्या शटरचा आवाज त्यांना वेगळा वाटे. पूर्वी ते फोटो काढताना सारखं बोलत. आता एक फोटो काढायचा, मान तिरकी करून आवाज ऐकायचा, मागच्या पडद्यावर बघायचं, मग पुढचा. घरात आजारी माणूस असलं की आपण जसे दुसऱ्या खोलीत बसूनही त्याच्या खोकल्याकडे कान देतो, तसं त्यांचं झालं होतं.

शटर बदललं त्याच उन्हाळ्यात घिवलीत एका मासेमारी करणाऱ्या घरात लग्न होतं. नवरीचे वडील करारी होते. फोटो म्हटलं की त्यांना संकोच व्हायचा. दिवसभर ते भाऊंना चुकवत होते. कधी जेवणाच्या पंगतीकडे, कधी मांडवामागे. नवरीने भाऊंना बजावून सांगितलं होतं की, माझा आणि बाबांचा एक तरी फोटो पाहिजे. भाऊंनी शब्द दिला होता.

पाठवणीची वेळ आली. मी नवरीचा शेला नीट करत तिच्या मागे उभी होते. वडील गर्दीतून सरळ पुढे आले, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकवून उभे राहिले. मी भाऊंकडे पाहिलं. ते समोरच होते, अगदी नेमक्या जागी. पण त्यांची मान खाली होती. नुकत्याच काढलेल्या फोटोत काळी पट्टी आली का, ते पडद्यावर बघत होते. मी हाक मारेपर्यंत वडील वळून निघून गेले होते.

काळी पट्टी कुठेच आली नव्हती. कॅमेरा त्या दिवशी एकदाही अडला नाही.

परतताना गाडीत भाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. तारापूर मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, तुमी बघितलंत ना?" मी हो म्हटलं.

पावसाळा संपता संपता नवरीचे वडील आजाराने गेले. घरून निरोप आला, बाप-लेकीचा फोटो असेल तर मोठा करून द्या. भाऊंनी सगळे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. एका फोटोत वडिलांची पाठ होती, एकात अर्धा खांदा. फोन करून कळवता आलं असतं. पण ते म्हणाले, समोर जाऊन सांगतो, तुम्ही या सोबत. स्टुडिओपासून घिवलीपर्यंत त्यांनी रिक्षा दोनदा थांबवली. एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगाचच.

घरात नवरी होती, तिची आई होती. भाऊंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "ती वेळ आली तेव्हा मी कॅमेऱ्यात बघत होतो. फोटो नाय माझ्याकडं. चूक माझी हाय."

मुलगी खाली बघत राहिली. आईने मला विचारलं, "तू तिथं होतीस ना? मी आत होती, देवापाशी. मला बघवलं नसतं. कसा धरला होता त्यानं तिला?"

मी सांगायला लागले, पण शब्दांत सांगता येईना. मग मी मुलीजवळ गेले, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "असंच ना गं?" तिने मान हलवली, माझे हात थोडे वर, कानांपाशी सरकवले आणि डोळे मिटून कपाळ पुढे केलं. आई बघत होती. भाऊंच्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती. त्यांचा हात बॅगेकडे गेला नाही.

निघताना आईने आम्हाला सुके बोंबील बांधून दिले. नको म्हणायची सोय नव्हती.

रिक्षात बसल्यावर भाऊ म्हणाले, "नवा घेतो. याची काळजी करता करता माझं माणसांकडं लक्षच राहिलं नाय." त्यानंतर त्यांनी कुणालाही विचारलं नाही. दिवाळीच्या आत नवा कॅमेरा आला. त्याचा आवाजच होत नसे. सुरुवातीला भाऊ नव्या ड्रायव्हरसारखे चाचपडले, बटणं शोधत राहिले. पण लग्नात पुन्हा बोलायला लागले, माणसांच्या तोंडाकडे बघायला लागले. पुढे घिवलीच्या त्या मुलीच्या बाळाच्या बारशाला तर न बोलावता गेले आणि आजी-नातवाचे भरपूर फोटो काढून देऊन आले.

पण ते काम दहा वर्षं काही चाललं नाही. थोडेच सीझन केले. मग थोरल्या भावाने अंथरूण धरलं आणि यांनी स्टुडिओला कुलूप लावलं, कॅमेराही विकला. कॅमेरा विकलात, तो नवाच तर होता, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "त्याची वर्षं उरली असतील, ती त्याची. मी कशाला अडकून ऱ्हाऊ?" आणि टेम्पोत सामान चढवू लागले. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

मागच्या हिवाळ्यात केळव्याला एका लग्नाचं काम आटोपून मी समुद्रावर गेले होते. रविवार होता, मुंबईची माणसं भरपूर. लांबवर भाऊ दिसले. लुंगी आणि बनियन, हातात कोयता, वाडीतून निघून कुठेतरी चाललेले. एका कुटुंबाने त्यांना अडवून हातात मोबाइल दिला. भाऊंनी कोयता वाळूत ठेवला. ते त्या माणसांशी काहीतरी बोलले, आजीला मधे आणलं, मग पुन्हा काहीतरी बोलले, तशी सगळी एकदम हसली. भाऊंनी मोबाइल परत दिला आणि कोयता उचलून चालू लागले.

ती माणसं डोक्याला डोकं लावून फोटो बघत राहिली. मग आजीने मान वर केली आणि ती भाऊंना शोधू लागली. ते तोवर सुरूच्या झाडांत शिरले होते.