पहिली ओळ

प्रकाशन समारंभात साहेबांनी पुस्तक उघडलं. त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं. ती ओळ होती, "मागे ऐकू येतंय का?" साहेबांचं प्रत्येक भाषण याच प्रश्नाने सुरू व्हायचं. कॅसेटी ऐकून त्या भाषणांचं संपादन करणाऱ्या माझ्या अप्पांनी तो एकदाही गाळला नव्हता.

"साहेब रागावतील हो मास्तर," प्रकाशक म्हणाले होते.

"रागावू देत. ओळ राहील," अप्पा म्हणाले होते. धास्ती मात्र त्यांना होतीच. पुस्तक छापून येण्याआधीच ते गेले.

माणूस गेल्यावर त्याची मोठी वाक्यं फारशी आठवत नाहीत. मला अप्पांचं "कडी लावलीस का?" तेवढं रोज ऐकू येतं. एवढ्याशा प्रश्नात त्यांची सगळी काळजी असायची, हे आता कळतं.

साहेब मोठ्याने हसले. "अहो, मास्तरांनी हेसुद्धा ठेवलंय!" मग चष्मा काढून ते सावकाश म्हणाले, "जन्मभर हे विचारत आलो, पण उत्तरासाठी कधी थांबलो नाही. मास्तरांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं. आता त्यांचे आभार कुठे जाऊन मानू?"

त्यांनी माईक जवळ ओढला.

"मास्तर, मागे ऐकू येतंय का?"

चारचौघांत कधी तोंड न उघडणारी मी शेवटच्या रांगेत ताडकन उभी राहिले.

"येतंय!" मी ओरडले. "स्वच्छ ऐकू येतंय!"