मीमचा रुपया

आमच्या दुकानात लक्ष्मीपूजनाला आरती शेवटी व्हायची. आधी रुपया वाजायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, गादीवरून उठून उंबऱ्याशी यायचे, पूजेतला हाली रुपया अंगठ्याच्या नखावर घ्यायचे आणि टिचकीनं उडवून उंबऱ्याच्या दगडावर पाडायचे. तो आवाज विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. शेजारचा कापडवालासुद्धा आपल्या दुकानातून बाहेर येऊन गप उभा राहायचा. मग आप्पा म्हणायचे, "बोलली." लक्ष्मी बोलली, आता वर्षभर दुकान बोलेल, असा त्याचा अर्थ. तोवर आरतीचं तबक हातात घेऊन आई ताटकळायची.

गेवराईच्या पेठेत ही रीत दुसऱ्या कुणाची नव्हती. आजोबांनी किराण्याचं दुकान टाकलं तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकानं दिलेला रुपया त्यांनी वाजवून घेतला आणि खर्च न करता ठेवून दिला. निजामाच्या राज्यातला चांदीचा रुपया तो हाली आणि इंग्रजांचा तो कलदार, एवढं आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक असे. हालीवर चारमिनार असतो आणि त्याच्या दारात एक उर्दू अक्षर. शेवटच्या निजामाच्या रुपयावर ऐन, त्याच्या बापाच्या रुपयावर मीम. आमचा मीमचा. आप्पा निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले. लहानपणी मला मांडीवर घेऊन ते त्या दारावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्यो आपला दरवान."

एका पावसाळ्यात दुकान फुटलं. चोरांनी तेलाचे डबे नेले, साखर नेली, गल्ला उचकटला. पोलिसांनी पंचनामा केला. गेलेल्या मालाबद्दल आप्पांनी अवाक्षर काढलं नाही. रिकाम्या गल्ल्यात हात घालून ते बराच वेळ चाचपत राहिले आणि म्हणाले, "दरवानच गेला."

त्या दिवाळीला उंबऱ्यावर काही वाजलं नाही. कार्तिकात दरवर्षी ते कपिलधारच्या यात्रेला जायचे, तिकडंही गेले नाहीत. हळूहळू त्यांनी गादी सोडली. विचारलं की एकच उत्तर, "दुकान मुकं झालं." गिऱ्हाईक तोंडातल्या तोंडात बोलतंय, हमाल पुटपुटतोय, तूबी तसाच, अशी त्यांची तक्रार. चोरी झाल्यापासून लोक आपल्यापुढं दबून बोलतात, कीव करतात, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मग घरीच बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आई जेवायला हाका मारून थकायची, पण ताट पुढ्यात आल्याशिवाय उठायचे नाहीत. एकदा हायवे ओलांडताना वाळूच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हॉर्न दिले, शेवटी ब्रेक मारून आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तरी यांनी मान वळवली नाही. पेठेत बोलणं सुरू झालं, आप्पानं जीव सोडला. मलाही तसंच वाटत होतं. माणूस डोळ्यांदेखत विझत होता आणि मी दुकानात बसून शांपूच्या पुड्या विकत होतो.

म्हणून मला मीमचा रुपया पाहिजे होता. तो आला की आप्पा गादीवर येतील, यापलीकडं माझं काही गणित नव्हतं.

सराफाकडं गेलो तर तो हसला. म्हणाला, हाली कधीच वितळले, लोकांच्या लेकीसुनांच्या पायांत गेले. जे मिळाले ते तांड्यावरच्या बायांच्या हारांतले, कडी डागलेले. कडी लावलेला रुपया वाजत नाही. कडी चिकटवायला दिलेला डाग त्याचा गळा धरतो. असे दोन-तीन मी वाजवून बघितले आणि परत दिले.

ते दिवस असे होते की जग उघडलं, जग जवळ आलं, असं जो तो म्हणायचा. मी वर्तमानपत्रात वाचलं की इंटरनेटवर जुनी नाणी मिळतात. गेवराईत तेव्हा इंटरनेट नव्हतं. दर सोमवारी दुकान बंद असे. त्या दिवशी एस.टी.नं बीडला जायचो आणि बसस्टँडजवळच्या एका कॅफेत बसायचो. कॅफेवाले भाई आधी कॅसेटचं दुकान चालवायचे. त्यांनीच मला जुनी नाणी विकणाऱ्या एका साइटवर खातं उघडून दिलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "शेठ, हितं सगळं दिसतं, पर विकणाऱ्याचं तोंड दिसत न्हाई. बगा बरं."

मी म्हटलं, आम्ही व्यापाऱ्याची औलाद. मला कोण फसवतो!

पहिल्यानं फसवलं. त्याच्या रुपयाचा फोटो असा लखलखीत, की दारातलं मीम बघून माझ्या अंगावर काटा आला. बँकेत जाऊन त्याच्या खात्यावर पैसे भरले. त्याचा निरोप आला, पार्सल निघालं. पुढच्या सोमवारी निरोप, पार्सल वाटेत आहे. त्याच्या पुढच्या सोमवारी, आमच्याकडं पूर आलाय. त्यानंतर त्याची आई आजारी पडली. मी मूर्खासारखी तिच्या तब्येतीची चौकशी केली. मग एका सोमवारी त्याचं नावच त्या साइटवरून गायब. भाईंनी पडद्यावर बोट आपटलं आणि म्हणाले, "दुकान उठलं शेठ." आमच्या पेठेत दुकान उठलं तर निदान मागं फळ्या राहतात.

गरजवंताला अक्कल नसते. मी दुसरा शोधला. याचं पार्सल मात्र चटकन आलं. पोस्टातून थेट घरी गेलो, आप्पांना उठवून बसवलं, त्यांच्या हातात पाकीट दिलं. त्यांनी फोडलं. आत चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला रुपयाचा रंगीत फोटो. दोन्ही बाजूंचा. आप्पांनी तो उलटापालटा केला, उन्हात धरला आणि मला विचारलं, "ह्याला वाजवू कसा?"

नंतर कॅफेत भाईंनी मला ती जाहिरात परत वाचून दाखवली. खाली बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतंच, विकत आहोत ते छायाचित्र. भांडायला गेलो तर विकणाऱ्याचं उत्तर, वाचता येत नसेल तर माझा काय दोष. खरं सांगतो, पैशापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. इंग्रजी माझं बेतासबात, हे त्याला तिकडं कुठं बसून कळलं कोण जाणे.

तिसऱ्याच्या वेळी मी ताकही फुंकून पीत होतो. जाहिरात भाईंकडून दोनदा वाचून घेतली. खरा रुपया पाठवणार का, असं विचारून घेतलं. त्यानं पाठवला. वजनाला बरा, दारात मीम. आप्पांनी भिंगातून बघितलं, घराच्या उंबऱ्यावर पाडला आणि लगेच माझ्याकडं सरकवला. "बद्द हाय." फुटक्या मडक्यासारखा तो वाजला होता. मीही ऐकलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! कडेला कानशीनं घासलं तर आतून पितळ निघालं.

मी त्याला लिहिलं, की बाबा, हा खोटा आहे, परत घे. तर चोराच्या उलट्या बोंबा. म्हणे, मी खराच पाठवला होता, तुम्ही बदलला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं माझ्या नावापुढं लाल अक्षरांत शेरा मारला, हा ग्राहक लबाड आहे, याच्याशी व्यवहार करू नये. तो शेरा पुसता येत नव्हता. जगात कुठूनही, कुणीही तो वाचू शकत होता. आमच्या मापाला कधी कुणी बोट लावलं नव्हतं. ऐन दुष्काळातसुद्धा आमच्या तराजूबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. आणि ज्याचं तोंडही मी बघितलं नाही अशा एका माणसानं मला भर बाजारात चोर ठरवलं. त्या सोमवारी परतताना एस.टी.त मला रडू आलं. शेजारच्या म्हातारीनं कुणी गेलं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

त्यानंतर मला कुणी नाणं विकेना. विश्वास म्हणतात तो माझाही पार पानिपतात गेला होता. तिकडं आप्पा आणखी आक्रसले होते. आता ते माझ्याशीही फारसं बोलत नसत. मी काही सांगायला लागलो की हात हलवून म्हणत, "जाऊ दे. हळू बोलून काय दुःख कमी हुतंय?"

दिवाळी तोंडावर आली तेव्हा भाईंनीच एक मीमचा रुपया हुडकून काढला. म्हणाले, "माझ्या नावानं घेऊ. तुमचं नाव तर त्यानं काळं केलं." मी नको म्हटलं, तरी त्यांनी घेतला. विकणाऱ्यानं एक अक्षर लिहिलं नाही. पार्सल निघालं, वाटेत आहे, काही नाही. मी मनातून त्याच्यावर पाणी सोडलं होतं. आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी भाई स्वतः गेवराईला येऊन पाकीट देऊन गेले. आत, मला न वाचता येणाऱ्या कुठल्यातरी लिपीतल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला रुपया होता. ना चिठ्ठी, ना नाव.

मी तो वाजवला नाही. हिंमतच झाली नाही. तसाच मुठीत धरून घरी आलो आणि आप्पांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी भिंग लावलं. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मीम हाय," ते म्हणाले. "घासलाबी आपल्यावानीच हाय." ते बाजेवरून स्वतः उठले. उंबऱ्याशी उकिडवे बसले, रुपया नखावर घेतला आणि टिचकी मारली.

काय वाजला तो! सगळं घर भरून गेलं. स्वयंपाकघरातून आई पिठाच्या हातानं धावत बाहेर आली आणि दाराशी खिळून उभी राहिली. "बोलली गं माय," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी आप्पांकडं बघितलं.

आप्पा वाट बघत होते. मान कलती करून, कानामागं पंजा धरून, दगडाकडं झुकून ते वाट बघत होते. रुपया गोल फिरून आडवा पडला, आवाज विरला, तरी ते तसेच. मग त्यांनी तो उचलला आणि पुन्हा पाडला. पुन्हा सगळं घर वाजलं. तिसऱ्यांदा त्यांनी जोरात आपटला. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, माझी कीव होती.

"बद्द हाय," ते म्हणाले. "पुना फसलास, लेकरा."

हायवेवरचा तो ट्रक, आईच्या वाया गेलेल्या हाका, तोंडातल्या तोंडात बोलणारं गिऱ्हाईक, सगळं त्या एका क्षणात माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. दुकान मुकं झालं नव्हतं. आणि तो पितळी रुपया? तो तरी त्यांनी ऐकून ओळखला होता का?

"आप्पा, वाजला! खणखणीत वाजला! आईला विचारा!" मी ओरडलो.

ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. "हळू कावून बोलतो?" त्यांनी विचारलं. "लाज वाटती व्हय? वाटून घिऊ नगं. दुनियाच लबाड हाय."

आम्ही त्यांना सांगितलं नाही असं नाही. आईनं खुणेनं सांगितलं, मी पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी पाटी वाचली आणि पहिल्यांदाच हसले. "रुपया खोटा निगाला म्हणून आता माजे कान खोटे? ज्यानं तुला ह्यो विकला त्यानंच ह्ये बी शिकवलं का?" फसवणूक करणाऱ्यांनी मला इतक्यांदा खोट्यात पाडलं होतं, की आता खरं बोलायला माझ्यापाशी तोंड उरलं नव्हतं. त्यांनी तो रुपया पितळी रुपयाच्या आणि त्या फोटोच्या डब्यात टाकला. बीडला कानाच्या डॉक्टरकडं नेऊ म्हटलं, तर भिंतीकडं तोंड करून झोपले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी डब्यातून तो काढून पूजेत मांडला. आईच्या हट्टापायी आप्पा दुकानात आले, गादीवर बसले. अंगावर स्वच्छ धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं पहिल्यासारखं झालं. कापडवाला आपल्या दुकानातून बाहेर आला. मी उंबऱ्याशी जाऊन रुपया उडवला.

तो वाजला. आवाज दुकानभर फिरला, बाहेर रस्त्यावर गेला. कुणी हललं नाही. आवाज विरल्यावर आम्ही सगळे आप्पांकडं बघू लागलो, 'बोलली' हा शब्द त्यांचाच होता म्हणून.

आप्पांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग त्रासून म्हणाले, "करा की आरती. कवाचे गप हुबे हाईत सगळे."

आईनं तबक उचललं. मी आरती सुरू केली, जमेल तेवढ्या मोठ्यानं.