टिंबमास्तरांचं "बघतो"

शाळेत त्यांना टिंबमास्तर म्हणत. गणितात दशांशाचं टिंब राहिलं की अख्खा मार्क कापायचे, मग कुणी रडो की पाया पडो!

हेच मास्तर घरी दिसत नसलेल्यांसाठी एक प्रोग्राम सांभाळत. मोबाइल औषधाच्या बाटलीवर धरला की तो लेबल मोठ्याने वाचून दाखवी. कोड सगळ्यांना खुला, दुरुस्ती कुणीही पाठवावी. पण ती आत घ्यायची तर मंजुरी मास्तरांची, एकट्यांची. बायको म्हणायची, "अहो, अजून दोघांना द्या की तो हक्क." "नवख्यांच्या हाती किल्ल्या? घर आहे की धर्मशाळा?" मास्तर फणकारायचे.

एकदा हाच प्रोग्राम वापरणाऱ्या एका टेलिफोन ऑपरेटर मुलीने तीन ओळींची दुरुस्ती पाठवली. प्रोग्राम टिंब गिळतोय, "२.५" चं "पंचवीस" वाचतोय. मास्तरांनी उत्तर दिलं, "बघतो." महिन्याने तिने आठवण करून दिली. "बघतो." पेपर तपासायचे होते हे खरं, पण पोटातलं कारण निराळंच. टिंबमास्तरांच्या प्रोग्रामात टिंबाची चूक, आणि ती दाखवणार कालची पोरगी! फार झोंबलं होतं.

चौथ्या महिन्यात तिचा निरोप आला. "सर, माझी मावशी परगावी एकटी असते, तिला दिसत नाही. तीही आपलाच प्रोग्राम वापरते हे मला माहीत नव्हतं. अडीच मिलीच्या जागी तिने पंचवीस मिली औषध घेतलं. चार दिवस दवाखान्यात होती, आता बरी आहे. टिंबाचं तेवढं बघा."

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी केलं हे," ते बायकोला म्हणाले. ती "असं काय बोलता" म्हणेल, अशी त्यांना आशा होती.

"हो," ती म्हणाली.

ताटावरून उठून त्यांनी दुरुस्ती मंजूर केली, मुलीला मंजुरीचा हक्क दिला आणि नियम घातला: स्वतःची दुरुस्ती स्वतः मंजूर करायची नाही, मास्तरांनीसुद्धा.

आठवड्याने मास्तरांनी आपली एक दुरुस्ती पाठवली. तिचं उत्तर आलं, "बघते."

मास्तरांचा चेहरा पडला. करावे तसे भरावे, म्हणत ते चहा ठेवायला उठले. उकळी यायच्या आत दुसरा निरोप आला. "बघितलं, सर. सातव्या ओळीत टिंब राहिलंय. घाला, लगेच मंजूर करते."

"काप गं, मार्क काप माझा," मास्तर पातेल्याकडे बघत पुटपुटले आणि ओट्याशी उभे राहूनच रडायला लागले.